गिरकीवरचा संसार

पडदे शिवणारी म्हणून तिला सगळे पडदेबाई म्हणत. नाव तिलाही होतं, पण ते फक्त नवऱ्याच्या तोंडी यायचं, आणि तेही तो चिडला की. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान होतं. आत एक लांब टेबल, शिलाईची मशीन, भिंतीला टेकवून उभे केलेले कापडाचे तागे, आणि खुंटीला एक लाकडी पट्टी, जिच्यावरचे आकडे हात लागून लागून पुसून गेले होते. गावातल्या निम्म्या खिडक्या तिने झाकल्या होत्या. शेजाऱ्यांना आपण दिसू नये असं कोणाला वाटतं, आणि आपण न दिसता शेजारी दिसत राहावेत असं कोणाला वाटतं, हे तिला माप घेतानाच कळायचं. अंगाने भरलेली, आवाजाने मोठी, एकदा हसायला लागली की पदराने डोळे पुसल्याशिवाय न थांबणारी बाई. पन्नाशी उलटली तरी जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या ती उडी मारून उतरायची.

नवरा घड्याळजी. बारीक, नीटनेटका, मोजकं बोलणारा. एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर आपल्या दुकानात बसायचा. उभ्या आयुष्यात आपल्या हातून एकही स्क्रू हरवला नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. या दोघांचं जमलं कसं, हे गल्लीला कोडंच होतं. कोणी विचारलंच तर पडदेबाई म्हणायची, "मी किल्ली देते, हे चालतात."

बेकरीच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत दोघं राहत होते. मुलगी दुसऱ्या गावी बस चालवायची, सणासुदीला यायची. सगळं कसं सुरळीत होतं. मग बेकरीवाल्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याला वरच्या खोल्या हव्या झाल्या. बेकरीवाला भला माणूस, रडवेला होऊन सांगायला आला, वर गरम पाव घेऊन आला. घड्याळजी दुसऱ्या दिवसापासून जागा बघायला लागला. एका घरात ऊन नव्हतं, एका घरात ऊनच ऊन होतं, एका घराच्या मालकिणीने तीन मांजरी पाळल्या होत्या आणि त्या तिघी घड्याळजीच्या पायाशी एकदमच फिसकारल्या. रोज संध्याकाळी तो नवी खोड सांगत घरी यायचा.

याच दिवसांत पडदेबाईला धक्क्यावरून बोलावणं आलं. दातांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची शिडाची नाव तिथे बांधलेली होती आणि तिच्या गाद्यांच्या खोळी फाटल्या होत्या. पडदेबाई खडू आणि टेप घेऊन गेली. तिला वाटलं, नाव म्हणजे असेल एखादं जहाज. बघते तर काय, एका मोठ्या टेंपोएवढी वस्तू पाण्यावर हलत होती. अंगावर फिकट निळा रंग, मध्ये उंच डोलकाठी, आणि मागच्या बाजूला वळणदार अक्षरांत नाव लिहिलेलं: गिरकी.

ती आत उतरली. उतरताना डोकं आपटलं. वळली, तर कोपर आपटलं. मग ती गादीवर बसली. छताकडे बघितलं, तर पाण्यावरचं ऊन गोल खिडकीतून आत येऊन छतावर नाचत होतं. सगळी खोली एका बाजूने हळूच उचलली जात होती आणि तितक्याच हळू खाली ठेवली जात होती, जणू कोणी तिला कडेवर घेतलं होतं. बाईला पोटातून हसू फुटलं. वर बसलेले डॉक्टर वाकून म्हणाले, "काय हो, लागलं का?"

"लागलं की!" ती म्हणाली. "चांगलंच लागलं."

डॉक्टरांचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून त्यांना नाव विकायची होती. नव्या खोळी खास त्यासाठीच करायच्या होत्या. पडदेबाई माप न घेताच परत आली.

घड्याळजी जेवणाच्या टेबलाशी वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघत बसला होता. ती म्हणाली, "अहो, मी घर बघितलं."

"किती खोल्यांचं?"

"दीड."

"दीड म्हणजे काय? अर्धी खोली कसली?"

"पडायची. तिच्यात उभं राहता येत नाही."

"बरं. मजला कितवा?"

"पाण्याच्या थोडासा वर."

घड्याळजीने वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग त्याने बायकोकडे बघितलं. तिच्या केसांत लाकडाचा भुसा होता, कपाळावर टेंगूळ होतं आणि चेहरा लग्नाच्या वर्षी असायचा तसा दिसत होता. "मला पोहता येत नाही," तो म्हणाला.

"मग पडू नका."

तो आठ दिवस नाही म्हणत राहिला. पण त्या आठ दिवसांत त्याने आणखी चार घरं बघितली, आणि चौथ्या घराच्या मालकाने त्याला तुम्ही मुळा खाता का असं विचारलं, कारण त्याला तो वास चालत नव्हता. त्या संध्याकाळी घड्याळजी म्हणाला, "एक अट आहे. नाव बांधलेली राहील. मी तिच्यात राहीन, पण तिच्यातून जाणार कुठेही नाही."

"कोण म्हणतंय जायचं?" पडदेबाई म्हणाली, आणि तेव्हा ती खरंच बोलत होती.

तीन खोल्यांचा संसार दीड खोलीत मावेना. कपाटं गेली, पलंग गेला, बारा माणसांची भांडी बेकरीवाल्याच्या सुनेला गेली. उरलं ते बाकांखाली, फळ्यांमागे आणि जिन्याच्या पायऱ्यांखाली कोंबलं. गिरकीवर कुठलीही वस्तू काढायची तर आधी दुसऱ्या तीन काढाव्या लागत. साखर हवी असेल तर घड्याळजीला उठवा, गादी उचला, फळी सरकवा, बूट बाहेर काढा, कांदे बाहेर काढा, आणि मग कळायचं की साखर दुसऱ्या बाजूच्या बाकाखाली आहे, जिथे आता घड्याळजी जाऊन बसलाय. पहिले काही दिवस दोघं दिवसभर एकमेकांना "सरका" एवढंच म्हणत होते.

डोकी आपटायची ती निराळीच. घड्याळजी दर वेळी त्याच तुळईवर आपटायचा आणि दर वेळी तिच्याकडे असा बघायचा, जणू ती आत्ताच तिथे आली आहे. शेवटी पडदेबाईने तुळईला जाड लाल मखमलीची गादी शिवून लावली, कडेला झालर लावली. त्या दिवसापासून तो नेमका तिच्या शेजारच्या तुळईवर आपटायला लागला.

संडास म्हणजे एक स्वतंत्र विषय होता. एका कपाटाएवढ्या जागेत बसायचं, मग एक खटका इकडे, एक खटका तिकडे, आणि दांडा धरून पंप मारत राहायचं. क्रम चुकला तर जे जायला हवं ते परत यायचं. घड्याळजीने तो पंप दोनदा खोलून साफ केला आणि म्हणाला, "मी आयुष्यात इतकं सोपं यंत्र आणि इतका नीच स्वभाव एकत्र पाहिला नाही."

त्यात सगळं दमट. कपडे दमट, मीठ दमट, काडेपेटी दमट, अंथरुणात शिरलं की वाटायचं आपण ओल्या पावात सारणासारखं शिरलोय. वाऱ्याच्या दिवशी डोलकाठीवर दोर आपटत राहायचा, टण टण टण, आणि घड्याळजी अर्धवट झोपेत म्हणायचा, "हे घड्याळ पुढे पळतंय."

पण गंमत दुसरीकडे होती. सकाळी छतातलं झाकण वर ढकललं की आख्खं आभाळ एकदम घरात पडायचं. गिरकी वाऱ्याबरोबर जरा वळायची, म्हणून गोल खिडकीतून एका सकाळी गोदामाची भिंत दिसायची, दुसऱ्या सकाळी नुसतं पाणी, तिसऱ्या सकाळी शेजारच्या नावेवर दात घासणारं कोणीतरी. घर तेच, अंगण रोज नवं. सकाळी सकाळी मासे येऊन नावेच्या बुडाला टोचत, त्याचा टिकटिक आवाज फळीतून कानाशी यायचा. घड्याळजी ते ऐकत पडून राहायचा. भाजलेल्या शेंगा दुसऱ्या खोलीत कोणी फोडतंय तसं वाटतं, असं तो म्हणायचा. आणि दोघंही अशी झोपायची, अशी झोपायची, की जागं होणं म्हणजे विहिरीतून बादली वर ओढण्यासारखं वाटायचं.

एकच गोष्ट पडदेबाईने हिशेबात धरली नव्हती. नावेवर तिला कधी मळमळलं नाही, पण जमिनीवर पाय ठेवला की जमीन हलायची. दुकानात टेबलाशी उभी राहिली की टेबल झुलायचं. त्या महिन्यात तिने एका वकिलाच्या दिवाणखान्याचे पडदे असे तिरपे कापले की ते लावल्यावर खोलीच कलती दिसायला लागली. वकीलसाहेब दोन दिवस मान तिरकी करून वावरले आणि मग दुकानात आले. पडदेबाईने नवे शिवून दिले. पण ते गेल्यावर ती इतकी हसली की टाचण्यांचा डबा सांडला.

शेजारच्या नावेवर दात घासणारी जी होती, ती एक निवृत्त सुईण. एकटीच राहायची. उंच, काटक, घोगऱ्या आवाजाची. तिने गावातली अर्धी प्रजा या जगात आणली होती आणि त्यांच्याशी अजूनही ती त्याच तोऱ्यात बोलायची. एके दिवशी ती गिरकीच्या कठड्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई, एवढं छान शीड गुंडाळून ठेवलंय. पोपटाला पिंजऱ्यात ठेवून वर त्याच्या तोंडाला फडकं बांधल्यासारखं आहे हे."

"ह्यांची अट आहे," पडदेबाई म्हणाली.

"आणि ते दुकानात असताना?"

पडदेबाईने विचार केला. दुकानात असतानाचं अटीत काहीच नव्हतं.

मग दुपारी दुकानाला कुलूप घालून ती सुईणीच्या नावेवर जायला लागली. सुईणीची शिकवण्याची तऱ्हा एकच होती. "ओढ! आणखी ओढ! जोर लाव! आता सोड... हळू सोड. श्वास घे, बाई, श्वास घे!" वारा भरून शीड फुगलं की ती मांडीवर थाप मारून ओरडायची, "झालं! बघ कसं गुटगुटीत आहे!" पडदेबाई घामाघूम, हातांना फोड, ओठांवर खारट पाणी, आणि हसू तर तिला आवरतच नव्हतं. तिला कापड कळत होतं. कापड कुठे ताणलं की कुठे सुरकुती पडते हे तिचे हात जाणत होते. फरक एवढाच की तिच्या पडद्यांनी आजवर कोणाला ओढत नेलं नव्हतं. घरी आल्यावर घड्याळजी विचारायचा, "तोंड का लाल झालंय?" ती म्हणायची, "उन्हाने." खोटं तेही नव्हतं.

अशात मुलीचा निरोप आला. तिने एक मुलगा पसंत केला होता, तिच्याच डेपोत बसची इंजिनं दुरुस्त करणारा, आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन ती रविवारी येणार होती. त्यांना तिने एवढंच सांगितलं होतं की आईबाबा पाण्याकाठी राहतात.

"पाण्याकाठी!" घड्याळजी डोकं धरून बसला. "त्यांना वाटेल बंगला आहे."

"मग बघतील की बंगला नाही."

"अगं, मुलाची आई शाळेची मुख्याध्यापिका आहे. वडील कोर्टात टंकलेखक. चार माणसांत बसणारी माणसं ती. आणि त्यांना आपण कुठे बसवणार आहोत? कांद्यांवर?"

रविवारी घड्याळजी पहाटेपासून पुसत होता. पुसून पुसून काही उरलं नाही तेव्हा त्याने नावेच्या छोट्या इंजिनाचं झाकण उघडलं. आत त्याला थोडी मळी दिसली. हे विहीणबाईंनी बघितलं तर? त्याने एक तुकडा काढला, मग दुसरा. पाहुणे आले तेव्हा इंजिनाचा महत्त्वाचा भाग अंड्यांच्या खोक्यात एकेका खळग्यात नीट मांडून ठेवलेला होता, आणि त्याने ते खोकं घाईघाईने उशीखाली सारलं.

विहीणबाई धक्क्यावर उभ्या राहिल्या तेव्हा धक्कासुद्धा ताठ झाल्यासारखा वाटला. करड्या रंगाचा सूट, उंच टाचांचे बूट, छातीशी पर्स. त्यांनी गिरकीकडे बघितलं, मग मुलीकडे, मग परत गिरकीकडे. "हे... बाहेरचं घर आहे का?" त्यांनी विचारलं.

"आतबाहेरचं सगळं हेच," पडदेबाई म्हणाली आणि हात पुढे केला. "या! पाय आधी, डोकं नंतर."

व्याहीबुवा गोल चेहऱ्याचे, विनम्र, डोक्यावर नवी कोरी हॅट. सांगितलेलं शब्दशः करायचं ही त्यांची नोकरीतली सवय अंगात मुरली होती. वाकून आत या म्हटलं तर ते आत येऊनही वाकलेलेच राहिले. सहा माणसं आत शिरल्यावर कोणाचा गुडघा कोणाचा हे कळेना. व्याहीबुवांनी पायाला खाज आली म्हणून खाजवलं, तो पाय घड्याळजीचा निघाला. विहीणबाई मखमलीच्या तुळईवर आपटल्या आणि एक शब्द बोलल्या, जो मुख्याध्यापिकांच्या तोंडी येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. लगेच खोकल्यासारखं करून त्यांनी तो झाकला.

केक आणायचा राहिला होता, म्हणून मुलगी आणि तो मुलगा दुकानात गेले. त्यानिमित्ताने आत जरा श्वास घ्यायला जागा झाली. व्याहीबुवा वर जाऊन उभे राहिले. ओहोटी लागली होती, पाणी खाली जात होतं, आणि दोर ताणले गेल्यामुळे गिरकी एका अंगाला कलायला लागली. खाली स्टोव्हवरची किटली घसरली. पडदेबाईने ती धरली आणि वर ओरडली, "व्याहीबुवा, तेवढे दोर जरा सैल सोडा हो!"

किटली शिट्टी मारत होती. व्याहीबुवांना त्यातलं "दोर" आणि "सोडा" एवढं ऐकू आलं.

त्यांनी ते मनापासून केलं. धक्क्यावर उतरून पुढचा दोर सोडला, त्याची सुबक गुंडाळी करून तिथेच ठेवली. मागचा दोर सोडला, त्याचीही गुंडाळी केली. मग पाय लांब टाकून परत नावेवर चढले आणि आत डोकावून म्हणाले, "झालं."

पडदेबाई कपात चहा ओतत होती. तिला वाटलं, खिडकीतून गोदाम चालत का जातंय?

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "गोदाम हललं."

घड्याळजी वर धावला. नावेमध्ये आणि धक्क्यामध्ये आता एका खोलीएवढं पाणी होतं. धक्क्यावर दोन गुंडाळ्या गोजिरवाण्या मांजरांसारख्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. तेवढ्यात मुलगी आणि तो मुलगा केक घेऊन आले. मुलगी ओरडली, "आई! कुठे चाललात?"

"माहीत नाही!" पडदेबाई ओरडली. "केक ठेव!"

"इंजिन!" विहीणबाई म्हणाल्या. "यात इंजिन असेल ना?"

घड्याळजी पांढराफटक पडला. उशीखालचं अंड्यांचं खोकं त्याने बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर धरलं. "जोडायला जरा वेळ लागेल," तो म्हणाला.

नांगर होता. पण नांगरावर संसार होता. पुढच्या फळीखाली, बटाट्यांच्या, हिवाळी पांघरुणांच्या आणि वकीलसाहेबांच्या तिरप्या पडद्यांच्या खाली तो शांतपणे पडला होता. व्याहीबुवा एकेक वस्तू काढून विहीणबाईंच्या मांडीवर द्यायला लागले. ते पडद्यांपर्यंत पोचेतो गिरकी खाडीच्या मधोमध आली होती, जिथे मोठ्या बोटींची ये-जा, आणि तिथे नांगर टाकणं म्हणजे हमरस्त्यात खाट टाकण्यासारखं.

पडदेबाई डोलकाठीजवळ गेली. तिने वाऱ्याला गाल दिला. आणि मग तिच्या पोटात तेच झालं, जे पहिल्या दिवशी गादीवर बसल्यावर झालं होतं. घाबरायची वेळ होती, आणि तिला हसू येत होतं.

"अहो," ती म्हणाली, "तो दोर धरा. ओढा म्हटलं की ओढा."

"तुला कुठे येतं हे?" घड्याळजी म्हणाला.

"येतं."

"कधीपासून?"

"दुपारपासून."

"कुठल्या दुपारपासून?"

"ओढा!"

त्याने ओढलं. शीड वर चढलं, एकदा फडफडलं, दोनदा फडफडलं, आणि मग वाऱ्याने त्यात फुंकर घातली. गिरकी कलली. खाली कप, बटाटे आणि विहीणबाई एका बाजूला गेल्या. क्षणभराने विहीणबाई छताच्या झाकणातून वर आल्या, केस सुटलेले, सूटवर चहा, आणि विचारलं, "मी काय करू? मला नुसतं बसता येत नाही."

"सुकाणू धरा. ते पलीकडचं टोक दिसतंय ना? नाक तिकडे."

विहीणबाईंनी उंच टाचांचे बूट काढून आत फेकले, अनवाणी पाय फळीला टेकवले आणि सुकाणूचा दांडा असा धरला, जणू वर्गातल्या सर्वांत उनाड मुलाचा कान धरलाय. वीस वर्षं शाळा चालवलेली बाई. नाव सरळ गेली.

घड्याळजीचं मात्र अवघड झालं. एकदा हिरवा, एकदा पिवळा, तो कठड्याला धरून म्हणाला, "मला जरा..." व्याहीबुवांनी इकडे तिकडे बघितलं आणि विनम्रपणे आपली नवी हॅट काढून पुढे केली. घड्याळजीने मान हलवली, नको नको म्हणाला, आणि मग नाइलाज झाला. झाल्यावर व्याहीबुवांनी हॅट पाण्यात धुतली, पिळली आणि परत डोक्यावर घातली. "गार वाटतं," ते म्हणाले. त्या दोघांची मैत्री त्या क्षणी झाली आणि पुढे कधी तुटली नाही.

इतक्यात समोरून प्रवाशांची मोठी फेरीबोट आली. भोंगा वाजला. "आता वळा!" पडदेबाई ओरडली. पण विहीणबाईंच्या अंगात मुख्याध्यापिका संचारली होती. त्या उभ्या राहिल्या आणि शाळेच्या मैदानात चार तुकड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात गरजल्या, "ए! रांगेत चल! बाजूला हो!"

फेरीबोट काही त्यांच्या शाळेत नव्हती. ती बाजूला झाली नाही. पडदेबाईने झेप घेऊन दांडा ढकलला, शिडाखालचं लाकूड सर्रकन सगळ्यांच्या डोक्यांवरून गेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा घड्याळजीचं डोकं आपटायचं राहिलं. कारण तो आधीच खाली वाकलेला होता. फेरीबोट इतक्या जवळून गेली की वरच्या कठड्यावरच्या एका आजोबांनी यांना हात केला आणि विचारलं, "सहलीला का?"

"पाहुणचार!" व्याहीबुवा ओरडले.

तिथून पुढे विहीणबाईंचं हसू सुटलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग त्या दांड्यावर डोकं ठेवून हसायला लागल्या. ते बघून पडदेबाई हसायला लागली. दोघी एकमेकींच्या दंडाला धरून हसत होत्या आणि गिरकी आपली आपण चालली होती, पाणी कापत, फेसाची झालर मागे सोडत. घड्याळजी चेहरा पुसत वर बघत होता. शीड पोटाशी धरून वारा त्यांना ओढत होता, आवाज न करता. कुठे चाक नाही, दात नाही, स्प्रिंग नाही. "हे चालतं कशावर?" तो हळूच म्हणाला. कोणाला नाही, स्वतःलाच.

ओहोटीत परतणं शक्य नव्हतं. पाणी उलटेपर्यंत त्यांनी खाडीभर येरझारा घातल्या. चहा सांडला होता, म्हणून उरलेली साखर पाण्यात घालून प्यायले, सोबत उकडलेले बटाटे. लग्नाची बोलणी त्या वेळात झाली. खरं तर विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "मुलगी तुमच्यावर गेली आहे का?"

"हसण्यात माझ्यावर. स्क्रू हरवत नाही, ते ह्यांच्यावर."

"मग झालं," विहीणबाई म्हणाल्या. "पण मला दर महिन्याला एकदा हे धरायला मिळालं पाहिजे." आणि त्यांनी दांड्यावर हात थोपटला.

भरती लागल्यावर ते परत आले. सुईणबाई छोटी होडी वल्हवत समोर आली होती, होडीत मुलगी आणि तो मुलगा, मध्ये केक. सुईण दुरूनच ओरडत होती, "हळू! आता जोर नको! श्वास घे, बाई... ये, ये, ये... आली!" गिरकी धक्क्याला थडकली, सगळे एकमेकांवर पडले, आणि नंतर केक चमच्याविना हातांनी खाल्ला गेला. मुलीने आईला चांगलं फैलावर घेतलं. तिचा होणारा नवरा मात्र अंड्यांचं खोकं मांडीवर घेऊन घड्याळजीशेजारी बसला आणि दोघांनी मिळून एकेक तुकडा परत जोडला.

लग्न झालं, मुलगी आपल्या गावी सुखी झाली. विहीणबाई दर महिन्याला यायच्या, आता सपाट बूट घालून. ओल आली गेली, पंपाने आपला स्वभाव सोडला नाही. एका हिवाळ्यात छत इतकं गळलं की दोघं तीन दिवस छत्री उघडून जेवले, आणि त्या तीन दिवसांत घड्याळजीने घर बदलायचा विषय काढला, तोही पावसाबरोबर ओसरला. फरक एवढा पडला की रविवारी सकाळी आता तोच आधी उठून वारा बघायचा, बोट तोंडात घालून ओलं करून वर धरायचा, आणि बायकोला हलवून म्हणायचा, "चल ना."

दुकानं आठवडाभर बंद ठेवून एकदा त्यांनी मोठा प्रवास ठरवला. घड्याळजीची बहीण किनाऱ्याच्या वरच्या अंगाला एका गावी राहायची, तिच्याकडे नावेने जायचं. नकाशा घड्याळजीने वाचला, सुकाणू तिने धरलं. दोन दिवस ऊन, वारा, भिजलेले मोजे, थंड अंडी. एका डॉल्फिनने तासभर सोबत केली आणि दोघं त्याच्याशी बोलत राहिली, एकमेकांशी कधी बोलली नव्हती तितकं. तिसऱ्या दिवशी दुपारी एक छानसं बंदर आलं. पिवळी घरं, मासे वाळत घातलेले, धक्क्यावर जाळं विणणारा एक म्हातारा. घड्याळजीने दोर असा बांधला की सुईणीनेही पाठ थोपटली असती, आणि बहिणीला फोन लावला.

"ताई, आम्ही पोचलो!"

"कुठे आहात? मी धक्क्यावरच उभी आहे. मला दिसत नाही तुम्ही."

घड्याळजीने आजूबाजूला बघितलं. मग जाळं विणणाऱ्याला गावाचं नाव विचारलं. म्हाताऱ्याने सांगितलं. ते बहिणीचं गाव नव्हतं. त्याच्या आसपासचंही नव्हतं.

पडदेबाई ऐकत होती. तिने तोंडावर हात दाबला, पण खांदे हलायला लागले. घड्याळजी नकाशा उलटा करून बघायला लागला, मग परत सुलटा, आणि मग त्यालाही हसू आलं. फोनमध्ये बहीण "हॅलो, हॅलो" करत होती.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "उद्या परवा येतो. इथे फार छान आहे."

त्याने फोन ठेवला आणि बायकोला हात देऊन धक्क्यावर उतरवलं. जमीन दोघांच्याही पायाखाली झुलत होती. एकमेकांना धरून, झिंगल्यासारखी पावलं टाकत, ती दोघं त्या भलत्याच गावात चहा शोधायला निघाली.